मुंबईत काम असेल तर हॉटेल फोर्टात घ्यायचं की अंधेरी-वाशीत? गणित असंय

मुंबईला दोन दिवसांचं काम निघतं. कुणाची मुलाखत असते, कुणाचा अमेरिकेचा व्हिसा, कुणाला मंत्रालयात फाईल बघायची असते, तर कुणाच्या घरचं माणूस टाटा हॉस्पिटलला दाखवायचं असतं. पूर्वी अशा वेळी डोंबिवलीची मावशी नाहीतर परळचा काका असायचा. आता मावशीचा वन-बीएचके, त्यात तिची सून वर्क फ्रॉम होम. मग आपण मोबाईल काढतो आणि हॉटेल शोधायला लागतो.

इथं एक गंमत. आपल्याकडं 'हॉटेल' म्हणजे मिसळ खायची जागा आणि राहायची जागा म्हणजे 'लॉज'. पण ॲपवर सगळंच हॉटेल. त्यात फोर्ट-कुलाब्याचे दर बघितले की डोळे फिरतात आणि तसंच एसी, लिफ्ट, नाश्ता असलेलं हॉटेल अंधेरीत किंवा वाशीत बऱ्यापैकी कमी पैशात दिसतं. मग प्रश्न पडतो, लांब राहिलं तर खरंच पैसे वाचतात, का वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातात?

आधी लांबची हॉटेल्स स्वस्त का, ते बघू. दक्षिण मुंबईला तीन बाजूंनी समुद्र आहे. नवीन इमारतीला जागा नाही, आहेत त्यातल्या बऱ्याच जुन्या. उलट अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ सुरू झालं, शेजारी एमआयडीसी होतीच, वर आंतरराष्ट्रीय विमानतळ. अंधेरी-कुर्ला रोड, मरोळ, चकाला, साकीनाका या पट्ट्यात कंपन्या आल्या आणि कंपन्यांच्या मागं हॉटेलं आली. ही हॉटेलं पर्यटकांसाठी बांधलेलीच नाहीत. ती सोमवारी येऊन गुरुवारी जाणाऱ्या, हातात लॅपटॉपची बॅग असलेल्या माणसासाठी आहेत.

म्हणून इथले दर लोणावळ्याच्या उलटे चालतात. लोणावळ्यात शनिवार-रविवार महाग. अंधेरी, बीकेसी, वाशी इथं शुक्रवार ते रविवार बऱ्याचदा स्वस्त आणि मंगळवार-बुधवार महाग. तुमचं काम सोमवारी सकाळी असेल आणि तुम्ही रविवारी रात्री पोचणार असाल तर ही गोष्ट तुमच्या फायद्याची. अपवाद फक्त मोठ्या कार्यक्रमांचा. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे शो होते, तेव्हा नवी मुंबईतल्या खोल्यांचे दर कुठल्या कुठं गेले होते. लग्नसराईतही तेच. तारीख ठरवायच्या आधी त्या भागात काय आहे, ते एकदा बघायचं.

आता मुख्य मुद्दा, प्रवास.

काही वर्षांपूर्वीपर्यंत 'मरोळला राहून फोर्टात काम' हा सल्ला कुणी दिला नसता. मरोळ नाक्यावरून मेट्रो १ नं अंधेरी किंवा घाटकोपर, तिथून लोकल, ती पण सकाळी नऊची. बॅग घेऊन त्या लोकलमध्ये शिरणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहिती. आता चित्र बदललंय ते मेट्रो ३ मुळं. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. सुमारे साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, जवळपास सगळी जमिनीखाली. या एकाच लाईनवर सीप्झ, मरोळ नाका, विमानतळाची दोन्ही टर्मिनल, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन आहे. टोकापासून टोकापर्यंत साधारण तासभर आणि तिकीट जास्तीत जास्त ७० रुपये. मरोळ नाक्याला मेट्रो १ बदलता येते, म्हणजे घाटकोपर आणि वर्सोव्याची बाजूही जोडली गेली.

आता आकडेमोड करू. समजा कुलाब्यात खोली ६,५०० रुपयांना मिळतेय आणि तशीच मरोळला ३,५०० ला. दोन रात्री, दोन माणसं. कर धरून कुलाब्याचे होतात १३,६५० आणि मरोळचे ७,३५०. फरक ६,३०० रुपयांचा. मेट्रोनं दोघांचं रोज जाऊन-येऊन जास्तीत जास्त २८० रुपये, दोन दिवसांचे ५६०. म्हणजे साडेपाच हजारांच्या वर वाचले. पण हेच जर टॅक्सीनं करायचं ठरवलं आणि एका फेरीला ७०० रुपये धरले तर दोन दिवसांत २,८०० तिथंच गेले, शिवाय ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ वेगळा.

थोडक्यात, लांबचं हॉटेल परवडतं ते स्टेशनच्या दारात असेल तर. स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत आणि ज्या लाईनवर काम त्याच लाईनवर हॉटेल. या दोनपैकी एक जरी गोष्ट नसली तरी बचत पातळ व्हायला लागते.

आणि हो, मेट्रो रात्रभर चालत नाही. मेट्रो ३ ची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते. नाटक बघून, मरीन ड्राईव्हवर बसून निवांत परतायचा प्लॅन असेल तर लोकल किंवा टॅक्सीवर यावं लागणार. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच टॅक्सी-रिक्षाचं भाडं सव्वापट. आणि गावाकडून येणाऱ्यांचा एक नेहमीचा गोंधळ, फोर्ट-कुलाब्यात रिक्षा नसतेच. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्यला सायनपर्यंत, त्यापुढं टॅक्सी, बस नाहीतर ट्रेन.

आता हे गणित जिथं चालत नाही ते. टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी स्वस्त खोलीच्या मागं अंधेरी किंवा वाशी गाठू नये, असं आमचं स्पष्ट मत. हॉस्पिटल परळला. वाशीहून हार्बर लाईननं कुर्ला, तिथं जिना चढून-उतरून मध्य रेल्वेची गाडी, मग परळ. धडधाकट माणसाला जमतं. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला हे रोज करायला लावायचं नाही. दादर, परळ, लालबाग या भागात साधी खोली मिळाली तरी ती बरी. पण त्याआधी एक काम करा, अपॉईंटमेंटचा कागद नीट वाचा. टाटाचं दुसरं मोठं केंद्र खारघरला आहे, ॲक्ट्रेक नावाचं, आणि बऱ्याच पेशंटना तिथं बोलावतात. तुमची तारीख खारघरची असेल तर परळला खोली घेऊन बसण्यात काहीच अर्थ नाही, तेव्हा खारघर, बेलापूर, वाशी हीच योग्य जागा.

विमानाचंही तसंच झालंय. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. तिकिटावर नुसतं 'मुंबई' बघून अंधेरीत हॉटेल घेतलं आणि पहाटेचं विमान उलव्याच्या बाजूनं निघालं, तर त्या रात्रीची झोप गेली म्हणून समजा. आणि वाशीत राहून रविवारी दक्षिण मुंबईत यायचं असेल तर हार्बर लाईनवर मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशी बघायचं.

ॲपवरच्या अंतराचा एक वेगळा खेळ आहे. 'अंधेरी स्टेशनपासून २ किमी' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढल्यासारखं मोजलेलं असतं. मुंबईत सरळ रेघ नसते, मध्ये रेल्वेचे रूळ असतात. पूर्वेचं हॉटेल आणि पश्चिमेचं काम म्हणजे पूल ओलांडायला अर्धा तास. त्यामुळं नकाशात हॉटेलपासून कामाच्या ठिकाणापर्यंत रस्ता टाकून बघा, तोही तुम्ही ज्या वेळेला निघणार ती वेळ टाकून. दुपारी तीनला दिसणारी २० मिनिटं सकाळी साडेनऊला टिकत नाहीत.

खोलीबद्दल फार बोलायला नको, पण मुंबईत खिडकी हा प्रकार विचारून घ्यावा लागतो. फोटोत पडदा ओढलेला दिसला की शंका घ्या. पडद्यामागं भिंत असू शकते नाहीतर डक्ट, जिथून खालच्या स्वयंपाकघराचा वास येतो. सरळ फोन करून विचारायचं, 'दादा, खिडकी बाहेर उघडते का?' त्याच फोनवर खाली बँक्वेट हॉल आहे का, हेही विचारायचं. लग्नाच्या डीजेवर झोपून दुसऱ्या दिवशी मुलाखत देणं अवघड असतं. बाकी ॲपवरचे तारे फार मनावर घेऊ नका. केंद्राचं पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं, पण ते वर्गीकरण ऐच्छिक असतं, ज्याला हवं तो अर्ज करतो. ॲपवरचा 'थ्री स्टार' हा तोच असेल, असं काही नाही. रिव्ह्यू वाचताना 'नवीन आधी' लावून शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे वाचा.

आता पैशाचा बारीक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकानं जवळपास अकराशे रुपये जास्त! ॲपवर पहिल्यांदा दिसणारा दर बहुतेक वेळा कर सोडून असतो, त्यामुळं तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची. आणि कुणी अजून १२ टक्के लावून बिल दिलं तर विचारायला लाजू नका.

वेळेचा मुद्दा गावाकडच्या लोकांना जास्त लागू होतो. कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ, लातूरची गाडी, सगळ्या सकाळी सकाळी मुंबईत सोडतात. हॉटेलचं चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला. अकराची मुलाखत असेल तर खोली मिळायच्या आधीच काम संपलेलं असतं. अशा वेळी लवकर चेक-इन देणार का आणि किती जादा घेणार, हे आधी फोनवर ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ते जमत नसेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम आहे, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक होते. आंघोळ करून, कपडे बदलून निघण्यापुरती ती झकास.

काउंटरवर अडचण येते ती ओळखपत्राची. प्रत्येक पाहुण्याचं लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची झेरॉक्स द्यायची भीती वाटत असेल तर यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार काढता येतं, त्यावर नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार कार्ड आहेच.

लग्न न झालेल्या जोडप्यांचा प्रश्न दर वेळी कमेंटमध्ये येतो म्हणून सांगतो. दोघं सज्ञान असतील तर एका खोलीत राहायला बंदी करणारा कायदा भारतात नाही. मद्रास उच्च न्यायालयानंही डिसेंबर २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. पण हॉटेल स्वतःचे नियम ठेवतं आणि प्रत्यक्षात 'लोकल आयडी चालणार नाही' म्हणून परत पाठवतं. ठाण्याचा पत्ता असलेल्या माणसाला अंधेरीत खोली नाकारली जाते ती यामुळं. इथं रात्री अकराला काउंटरवर वाद घालण्यापेक्षा बुकिंगच्या आधी हॉटेलचे नियम वाचलेले बरे.

फोन करायचा म्हणतोय, पण कुठल्या नंबरवर? गुगलवर हॉटेलच्या नावानं खोटे नंबर टाकून, 'खोली आहे, निम्मे पैसे आत्ता पाठवा' म्हणत यूपीआयवर पैसे घेणाऱ्या टोळ्या आहेत. क्यूआर कोड व्यक्तीच्या नावाचा निघाला की थांबा. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या साईटवरचा आहे का, ते बघा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

व्हिसावाल्यांसाठी एक शेवटचं. अमेरिकी वकिलातीत मोबाईल, लॅपटॉप, मोठी बॅग आत नेता येत नाही आणि मुलाखतीच्या दिवशी हॉटेलचं चेकआऊट सकाळी अकरा किंवा बाराला असतं. त्यामुळं खोली सोडल्यावर सामान संध्याकाळपर्यंत काउंटरमागं ठेवू देणार का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा. बहुतेक हॉटेलं फुकट ठेवतात. निघताना टॅग मागून घ्या. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तसा निकाल दिलाय. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.