उपमुख्यमंत्री: पद नव्हे, संख्याबळ

ग्वाटेमालात उपराष्ट्राध्यक्ष राष्ट्राध्यक्षाच्या जोडीने थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो. आपल्याकडे महाराष्ट्रात मतदार आमदार निवडतो. उपमुख्यमंत्री कोण, हे नंतर ठरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 164 मध्ये या पदाचा उल्लेखच नाही. त्याचे बळ सभागृहातल्या आकड्यांतून येते, हे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट दिसते. 1978 च्या निवडणुकीत जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसना एकमेकींची गरज होती, म्हणून वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले, सरकार कोसळले आणि तिरपुड्यांचे पदही गेले.

मग हे पद निव्वळ शोभेचे, असे कुणी म्हणेल. देवीलालांनी 1989 मध्ये ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना इतरांसारखे मंत्रीच मानले. कायद्याच्या अंगाने हे खरेच. पण तिरपुड्यांच्या 62 आमदारांवाचून ते सरकार बनलेच नसते. म्हणून पदनामाआधी त्यामागचे आमदार मोजावेत.