रिकाम्या कवचाची लस

विषाणूविरुद्ध लस करायची तर तो आधी प्रयोगशाळेत वाढवायचा, मग मारून किंवा दुबळा करून टोचायचा, ही रुळलेली वाट. हिपॅटायटिस-बीपाशी ती खुंटली. यकृत पोखरणारा, पुढे सिऱ्होसिस आणि कर्करोग ओढवणारा हा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. ही कोंडी फोडली फिलाडेल्फियातल्या बरूक ब्लुमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी.

ब्लुमबर्ग मुळात या विषाणूच्या शोधात नव्हतेच. एकाच आजाराला कुणी बळी पडतो, कुणी नाही. असे का, या प्रश्नापायी ते देशोदेशीच्या माणसांच्या रक्ताचे नमुने जमवत. १९६३मध्ये, वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तातले अनोळखी प्रथिन हेरले. त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणू लागले. पुढे एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेले हे प्रथिन नव्याने दिसले, तेव्हा त्याला हिपॅटायटिसही झालेला होता. १९६७पर्यंत धागा जुळला.

हे प्रथिन म्हणजे विषाणूचे बाह्य कवच. विषाणू ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो. बाधिताच्या रक्तात सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे असे असंख्य कण फिरतात. त्यांच्यात जनुकद्रव्य नसते, त्यामुळे त्यांच्यापासून संसर्ग होत नाही. तरीही त्यांच्यामुळे शरीर प्रतिपिंडे तयार करते. मर्क या औषध कंपनीत आधी काम केलेल्या मिलमन यांनी ब्लुमबर्ग यांच्यासोबत या जास्तीच्या कवचांतूनच लस घडवण्याची पद्धत आखली. १९६९मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. विषाणू न वाढवता, बाधिताच्याच रक्तातून लस! तोवर असे कुणी केले नव्हते.

मर्कमधील मॉरिस हिलमन यांनी पेप्सिन, युरिया आणि फॉर्मालिन यांच्या प्रक्रियांतून ते कण शुद्ध व निर्धोक केले. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ श्मुनेस यांनी १,०८३ समलिंगी पुरुष स्वयंसेवकांवर चाचणी घेतली. लस मिळालेल्यांत आजाराचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. १९८१मध्ये अमेरिकेने लसीला परवाना दिला. १९८६मध्ये रक्ताची जागा यीस्टने घेतली. कवचाचे जनुक यीस्टमध्ये घालून लस बनू लागली. मूळ कल्पना मात्र तीच राहिली. १९९७मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस भारतात बनवली.

१९७६च्या नोबेलमुळे ब्लुमबर्ग जगाला ठाऊक झाले. मिलमन यांचे नाव मागे राहिले. शोधाइतकेच श्रेय त्यातून उपाय घडवणाऱ्यालाही मिळायला हवे. या उपायाचे मोल तैवानने दाखवले : १९८४मध्ये तिथे नवजातांचे लसीकरण सुरू झाले आणि पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला.

जन्मावेळी आईकडून संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत तो जन्मभर ठाण मांडतो. म्हणूनच पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. आपल्या राष्ट्रीय लसीकरणातही तो आहे. बाळंतीण घरी जाण्याआधी बाळाला तो मिळाला का, हे प्रत्येक घराने विचारलेच पाहिजे.