पावती म्हणजे परवाना नव्हे!

अजिंठ्याची लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात, पण त्यांची गाडी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जात नाही. सोयगाव तालुक्यातील फर्दापूरच्या फाट्यावर ती थांबते आणि पुढचे चारेक किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते. या फाट्यावर आणि गावात कित्येक घरांची चूल रंगीत दगड, मण्यांच्या माळा, चित्रांची पुस्तके, टोप्या आणि चहा-भजी यांवर पेटते. कुणी वाटाड्याचे काम करतो, कुणी फोटो काढतो, कुणी लेण्यांतील चित्रांच्या नकला रंगवून विकतो. यांना मालक नाही, म्हणून पगारही नाही आणि आजारपणाची रजाही नाही. जागा हेच त्यांचे खरे भांडवल. ती जागा कोणत्या कागदावर उभी आहे, असे विचारले की पुष्कळ जण खिशातून घडी घातलेली एक पावती काढतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागद हातात आला की आधी तो कोणी दिला आणि कशाबद्दल दिला, हे पाहतो. ग्रामपंचायतीची बाजार फीची पावती एवढेच सांगते की, अमुक दिवशी अमुक रक्कम भरली. ती जागा तुमची झाली असे ती सांगत नाही. उद्याही तुम्हाला तिथे बसू देऊ, असेही नाही. उलट मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 (आताचे नाव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) याच्या कलम 53 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचे व मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार त्याच पंचायतीला आहे. वीज बिलाचेही तसेच. बिल नावावर आहे म्हणून जमीन नावावर होत नाही.

फर्दापूरला हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे, कारण इथे मालक अनेक. गावातील रस्ता पंचायतीचा, महामार्ग सरकारचा, पर्यटनाच्या जागा पर्यटन महामंडळाच्या, आजूबाजूला वनखात्याची हद्द आणि लेणी भारतीय पुरातत्त्व खात्याची. एका खात्याची परवानगी दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर चालत नाही. पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी दुकाने होती. लेण्यांना धुराचा व गर्दीचा त्रास नको म्हणून ती फाट्यावर आणली गेली. लेणी जपली पाहिजेत याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तो आपलाच वारसा आहे. पण दुकाने हलतात तेव्हा 'पूर्वी इथे कोण बसत होते' याचा पुरावा मागितला जातो, आणि तोंडी साक्षीपेक्षा कागदाला वजन असते.

संरक्षित स्मारकाच्या आत तर कायदा फारच स्पष्ट आहे. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या 1959 च्या नियमांतील नियम 8 प्रमाणे पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय तिथे माल विकता येत नाही, गिऱ्हाईक गोळा करता येत नाही, इतकेच नव्हे तर पैसे घेऊन पाहुण्याला लेणी दाखवताही येत नाहीत. आपली मुले जन्मापासून त्या दरीत वावरलेली, प्रत्येक चित्राची जातककथा तोंडपाठ. तरी परवाना नसेल तर ती कायद्याच्या दृष्टीने वाटाडे नव्हेत. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले, हेही टपरी पक्की करण्याआधी लक्षात घ्यावे.

कुणी म्हणेल, फेरीवाल्यांसाठी कायदा झाला आहे ना? झाला आहे. पथविक्रेता अधिनियम, 2014. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे, नगर पथविक्रेता समिती आहे आणि हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस आहे. पण हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती अशा शहरी संस्थांसाठी लिहिलेला आहे. शहरातील विक्रेता त्याचा आधार घेतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या विक्रेत्याला तो मिळत नाही. रोज हजारो पर्यटकांचे पाय लागणारे गाव कायद्याच्या नजरेत खेडेच राहते. ही उणीव लोकप्रतिनिधींपुढे मांडली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मग खेड्यातला विक्रेता अगदीच उघडा आहे काय? नाही. राज्यघटनेचे कलम 19(1)(छ) प्रत्येक नागरिकाला धंदा करण्याचे स्वातंत्र्य देते. ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सोदान सिंग खटल्यात 1989 साली रस्त्यावरच्या विक्रीलाही घटनेचे संरक्षण आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे ठरवले. म्हणजे ठरावीक जागेचा हक्क मिळत नाही. पण न कळवता, न ऐकता हुसकावले तर दाद मागता येते.

कारागिरांचे दुखणे निराळे. चित्र हॉटेलला दिले, पैसे 'सीझन संपल्यावर'. अशांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी, तीही काम देण्याआधी. ती आधार क्रमांकावर होते आणि तिला शुल्क नाही. पाचशे रुपये मागणाऱ्या एजंटाला हात जोडावेत. 2006 च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. वस्तू बनवणारा आणि सेवा देणारा याचा लाभ घेऊ शकतो. नुसता माल आणून विकणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण ही तरतूद लागू नाही. त्याने उधारी वहीत गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि तीन वर्षांची मुदत उलटू देऊ नये.

वकिलाच्या फीची भीती अनेकांना असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्या यादीत समावेश झाला, तेव्हा जातीचा दाखला जवळ असू द्यावा. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

आणि पहिले काम याच आठवड्यात करण्यासारखे आहे. आपण बसतो ती जागा कोणत्या गट क्रमांकात व कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जात एकच विषय, शब्द दीडशेच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. ती प्रत, जुन्या पावत्या आणि दुकानाचा तारीख असलेला एखादा फोटो, हे सारे एकाच फाईलमध्ये, घरातल्या कोरड्या पेटीत ठेवावे.