तेरा मीटरवरून दिसणारी गाडी

शर्यतीच्या गाडीची रेझिनमध्ये ओतलेली प्रतिकृती हातात आली, की ती आणखी खरी करायची ओढ बहुतेकांना भर घालण्याकडे नेते. जास्तीचे रिव्हेट, कार्बन फायबरच्या विणीचे स्टिकर, वरून क्लिअर कोटचे दोन-तीन हात. माझ्या मते खरेपणा बहुधा काढून टाकण्यातून येतो, आणि त्याची कसोटी साध्या गुणाकाराची आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या प्रतिकृतींमध्ये १:४३ हे प्रमाण फार रुळलेलं आहे. ते आलं ओ-गेजच्या मॉडेल रेल्वेकडून. अशी प्रतिकृती आपण डोळ्यांपासून साधारण ३० सेंटीमीटरवर धरून पाहतो. त्याला ४३ ने गुणलं की जवळजवळ १३ मीटर होतात. म्हणजे खरी गाडी १३ मीटरवर उभी असताना तिच्यातलं जे दिसेल, तेवढंच प्रतिकृतीत दिसायला हवं.

ही कसोटी कार्बन फायबरला लावून बघा. खऱ्या कापडातली एकेक पट्टी सुमारे दोन मिलिमीटर रुंद असते. १:४३ मध्ये ती ०.०५ मिलिमीटरहूनही बारीक होते, आणि हातभर अंतरावरून तेवढं साध्या डोळ्याला वेगळं ओळखता येत नाही. त्यामुळे विणीची नक्षी ठसठशीत दिसत असेल, तर ती हमखास खोटी असते. तिथे काळपट करड्या रंगाचा अर्धवट चमकणारा हात पुरे. रंगाचंही तेच. प्रतिकृतीवर ४० मायक्रॉनचा थर बसला, तर खऱ्या गाडीवर तो १.७ मिलिमीटरचा होईल, आणि अशा थराखाली प्रत्येक धार बोथट होते. मेटॅलिक रंगातला ३० मायक्रॉनचा कण तर खऱ्या मापात मिलिमीटरहून मोठा ठरतो. म्हणून मोठ्या गाड्यांचा मेटॅलिक रंग छोट्या गाडीवर वाळू फासल्यासारखा दिसतो. कारखान्यातून आलेला जाड रंग उतरवून पातळ प्रायमर आणि पातळ रंग देणं हे कष्टाचं काम आहे, पण गाडीचं रूप त्यानेच सर्वात जास्त बदलतं.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे: गाडी लहान होते, प्रकाश लहान होत नाही. पत्र्यांमधली तीन मिलिमीटरची फट १:४३ मध्ये ०.०७ मिलिमीटरची होते, आणि एवढ्या उथळ रेघेत सावली साचत नाही. तेरा मीटरवरून मात्र ती फट दिसते, कारण गडद रेघ डोळा फार लांबून टिपतो. तेव्हा ती रेघ रंगवूनच दाखवावी लागते. पण ही सूट त्याच कसोटीतून मिळते, तिला डावलून नाही. रेघ भरायची ती करड्या-तपकिरी रंगाने. शुद्ध काळा घातला की गाडीऐवजी तिचं रेखाचित्र दिसू लागतं.

यापुढचा प्रश्न आहे क्षणाचा: गाडी शर्यतीतल्या कोणत्या क्षणीची दाखवायची? भारताचा फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याची पिवळी जॉर्डन ईजे१५ घ्या. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर वापरणारे संघ संचलन फेरीनंतर माघारी फिरले, सहाच गाड्या धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला नियमानेच बंदी होती, आणि टायरवर चार खाचा सक्तीच्या होत्या. म्हणजे ७३ फेऱ्यांनंतरची गाडी दाखवायची, तर कोऱ्या खोल खाचांचे चकचकीत टायर चालणारच नाहीत. पॉलिश पेपरने घासून खाचा उथळ करायच्या आणि रबराची चमक मारायची. सुटण्याआधीची दाखवायची, तर तीच झीज चूक ठरते. सरसकट काजळी फासणं आणि सरसकट स्वच्छ ठेवणं, दोन्हीकडे छायाचित्र नीट न पाहिल्याचा दोष सारखाच आहे.

हे काम जालन्यात बसून करायचं, तर पदार्थाचा स्वभाव आधी ओळखावा लागतो. भंगार वितळवून बिलेट ओतणाऱ्या आणि त्याच्या सळया काढणाऱ्या या गावाला, ओतलेली वस्तू थंड होताना आकसते हे सांगायला नको. पोलाद सुमारे दोन टक्के आकसतं. पॉलियुरेथेन रेझिन त्याहून कमी, पण आकसतंच. म्हणून तयार प्रतिकृतीवरून साचा काढून केलेली नक्कल मुळापेक्षा लहान भरते, आणि सुधारणेचं पहिलं हत्यार व्हर्निअर हेच. २००५ च्या नियमात चाकाचा व्यास जास्तीत जास्त ६६० मिलिमीटर होता. म्हणजे प्रतिकृतीत तो १५.३ च्या आसपास भरायला हवा. चाक नीट नसेल, तर बाकीची कारागिरी वाया जाते. रेझिन घासताना पाण्यात घासावं आणि मास्क लावावा, कारण त्याची भुकटी फुफ्फुसाला वाईट. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्वतः रेझिन ओतायला गेलं, तर त्यातला एक घटक ओलाव्याशी क्रिया करून बुडबुडे धरतो.

उरतो पंखाचा प्रश्न. रेझिनचा पंख मिलिमीटरभर जाड असेल, तर खऱ्या गाडीवर त्याचं ४३ मिलिमीटरचं फळकूट होईल. घासून पातळ केला, तर मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो तेव्हा, उन्हात तापलेल्या काचेच्या कपाटात तो हळूहळू वाकतो. गरम पाण्यात धरून सरळ करता येतो, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ०.१ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याच्या कडा मापातही बसतात आणि उन्हातही टिकतात. मर्यादित संख्येत निघालेल्या गाडीचा मूळ पंख कापून पितळी बसवला की तिची किंमत जाते, असं संग्राहक म्हणतात. विकण्यासाठी ठेवलेल्या गाडीपुरतं ते खरं आहे, तिला हात लावू नये. पण पाहण्यासाठी घेतलेल्या गाडीचा जाडजूड पंख केवळ मूळचा म्हणून जपण्यात मला अर्थ दिसत नाही; तो कापावा आणि पितळी बसवावा.