गच्चीवरील चिनी गुलाब: लागवड, निगा आणि भाराचे गणित

उष्णतेच्या लाटेत दिल्लीचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. करोल बागेतील उघड्या गच्चीवर तेव्हा बहुतेक कुंड्या माना टाकतात, पण चिनी गुलाब (पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा) फुललेला असतो. महाराष्ट्रात याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, दिल्लीत ‘नौ बजिया’. ऊन चढले की फूल उमलते आणि एका दिवसात मिटते. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे झाड आपल्या घोळीच्या भाजीचे सख्खे भावंड आहे.

एवढ्या उन्हात ते तगते कसे? मांसल पानांत पाणी साठते हे अर्धेच उत्तर. ही वनस्पती सी-4 पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. पाण्याचा ताण पडला की तिच्यात कॅम पद्धतही सुरू होते, म्हणजे काही कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो. या दोन्ही पद्धती एकाच वनस्पतीत असणे फार दुर्मीळ आहे.

लागवड सोपी आहे. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, 5 ते 7 सेंमीचे शेंड्याकडचे तुकडे खोचावेत. बी पेरल्यास मातीने झाकू नये. त्याला रुजायला उजेड लागतो. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि मूठभर शेणखत पुरते. जाड वाळू दिल्लीत ‘बदरपुर’ या नावाने बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळते. नत्रयुक्त खत जास्त झाले तर पाला माजतो, फुले कमी येतात. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. बोटाला वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. हे झाड तहानेने क्वचित मरते. ते मरते जुलै-ऑगस्टमध्ये, मुळे कुजून. म्हणून पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकावी.

आता खरी काळजीची गोष्ट. झाड जमिनीलगत पसरते, म्हणून पुष्कळ जण गच्चीभर मातीचा थर घालून गालिचा करू पाहतात. 10 सेंमी जाडीचा थर घेऊ. ओल्या मातीची घनता घनमीटरला सुमारे 1800 किलो धरली तर

1800 × 0.10 = 180 किलो प्रति चौरस मीटर.

आयएस 875 (भाग 2) नुसार वावराच्या गच्चीसाठी धरायचा चल भार 1.5 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण 150 किलो. माणसे, पाण्याची टाकी, साचलेले पाणी यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. त्यातून जुना स्लॅब, गंजलेल्या सळ्या आणि मागाहून चढवलेला मजला असेल तर सुरक्षेची राखीव क्षमता किती उरली हे नुसते पाहून सांगता येत नाही.

या झाडाची मुळे उथळ असतात. 10 सेंमी खोलीचे, तळाला भोके असलेले ट्रे भार पेलणाऱ्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर, विटांवर उचलून ठेवावेत. पाणी वाहून जाते आणि स्लॅबचा मधला भाग मोकळा राहतो. डिसेंबरच्या थंडीत झाडे जळतात; त्याआधी दोन-चार तुकडे उन्हाच्या खिडकीत ठेवले की मार्चमध्ये पुन्हा रोपे विकत घ्यावी लागत नाहीत.