जांभळ्या रेषेचा पिरान्हा: घरी आणण्याआधी हे वाचा

पिरान्हा म्हटलं की बहुतेकांना सिनेमातलं दृश्य आठवतं. पाण्यात काहीतरी पडतं, पाणी उसळतं आणि क्षणात उरतो फक्त सांगाडा. या कीर्तीला मोठा हातभार लावला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. १९१३-१४ मध्ये ते ब्राझीलच्या जंगलात फिरले आणि १९१४ मध्ये आलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी पिरान्हाला जगातला सर्वांत क्रूर मासा ठरवलं.

प्रत्यक्षात हा मासा बराच भित्रा आहे. लाल पोटाचे पिरान्हा झुंडीने राहतात, पण ते शिकारीसाठी नव्हे. सुसरीसारखे केमन, नदीतले डॉल्फिन आणि पाणपक्षी यांच्यापासून जीव वाचवण्यासाठी ते एकत्र राहतात, असं स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधक अ‍ॅन मगुरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं.

मग हा मासा घरी पाळता येईल का? जगभरातले अनेक शौकीन पाळतात. त्यातही काहींचा जीव अडकलेला असतो तो एका दुर्मिळ जातीत.

कपाळावर जांभळी रेघ

या जातीचं शास्त्रीय नाव सेरासाल्मस गेरी. ब्राझीलच्या टोकॅन्टिन्स आणि अराग्वाया या नद्यांच्या खोऱ्यातच ती सापडते. मिशेल जेगू आणि जेराल्दो मेंदेस दोस सांतोस या अभ्यासकांनी १९८८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली आणि जाक जेरी या फ्रेंच मत्स्यतज्ज्ञाच्या नावावरून तिचं नामकरण केलं.

शरीर चपटं, मोत्यासारखं चंदेरी. खालच्या जबड्याच्या टोकापासून निघालेली गडद जांभळी रेघ कपाळावरून थेट पाठीवरच्या पराकडे जाते, जणू कोणी कुंचल्याने एकच फटकारा मारावा तशी. लांबी साधारण वीतभर. एकाच नदीखोऱ्यातला मासा असल्यामुळे बाजारात तो क्वचितच येतो आणि आला तर महाग असतो.

टाकी कशी हवी?

एका माशासाठीही किमान १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकी हवी. यात सुमारे २४० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २४० किलो, काच आणि दगड वेगळे. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर टाकी भिंतीलगत, भक्कम स्टँडवरच ठेवा.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी असावं. बोअरवेलचं जड पाणी याला मानवत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढूनच ते टाकीत घाला. नव्या टाकीत लगेच मासा सोडू नका. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतले जीवाणू मरू लागतात आणि पाणी बिघडतं.

खाणं आणि दात

पिरान्हाचे दात त्रिकोणी आणि वस्तऱ्यासारखे धारदार असतात. एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात आणि त्या जागी नवी रांग येते, हे २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. काळ्या पिरान्हाच्या चाव्याची ताकद २०१२ च्या एका अभ्यासात मोजली गेली, ती त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तब्बल तीसपट भरली.

म्हणून टाकीत हात घालताना मासा कुठे आहे, ते आधी पाहा. मुलांना झाकणाला हात लावू देऊ नका. मासा हलवताना जाळी वापरू नका, ती तो कुरतडतो. कडक प्लास्टिकचा डबा वापरा. हीटरची वायरही झाकून ठेवा.

खायला कोळंबी आणि माशाचे तुकडे द्या, उरलेले लगेच काढा. चिकन-मटणाची चरबी त्याला पचत नाही. जिवंत गोल्डफिश टाकून ‘तमाशा’ दाखवण्याचा मोह टाळा. त्यातून रोग टाकीत येतात. याचे भाऊबंद दुसऱ्या माशांचे पर आणि खवले कुरतडून खातात, त्यामुळे रंगीत माशांच्या सोबतीला त्याला ठेवू नका.

तुम्हाला विकला जातोय तो पाकू तर नाही?

आपल्याकडे दुकानात ‘पिरान्हा’ म्हणून जे लालसर पोटाचं पिल्लू दाखवतात, ते बहुतेक वेळा पाकूचं असतं. होय, मासळी बाजारात ‘रूपचंद’ नावाने मिळतो तोच! तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण आता भारतात शेततळ्यांत वाढवला जातो.

ओळखायची खूण दातांत आहे. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात, कारण तो फळं आणि कठीण बिया फोडून खातो. फसवणुकीचा फटका पुढे बसतो. बोटभर पिल्लू वाढत वाढत दोन फुटांच्याही पुढे जातं. तेवढ्या माशाला घरात जागा कुठून आणणार?

खरोखर परदेशी मासा असेल तर दुकानदाराकडे आयातीचे कागद मागा. असे मासे आणायला सरकारी परवानगी लागते आणि त्यांना काही काळ वेगळं ठेवून तपासावं लागतं. अमेरिकेतही कॅलिफोर्निया, टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत पिरान्हा पाळायला बंदी आहे.

नदीत मात्र कधीच सोडू नका

मासा मोठा झाला, कंटाळा आला किंवा बदली झाली की काही जण ‘सुटका’ म्हणून तो तळ्यात किंवा नदीत सोडतात. वरून ही दया वाटते, पण तिची किंमत दुसरेच मोजतात. काचेवरचं शेवाळ खावं म्हणून घराघरांत आणलेला सकर मासा उजनी धरणात पोहोचला आणि आज तो मच्छीमारांची जाळी फाडतो. त्याला ना बाजारभाव, ना चव. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या घरांचं यात नुकसान होतं.

मासा सांभाळणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवा.

चांगली काळजी घेतली तर पिरान्हा दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेलं तुमचं मूल दहावी पास होईल, तेव्हाही त्याचं पाणी बदलायचं काम तुमच्याकडेच असेल. तेवढी तयारी असेल तरच टाकीचं माप घ्यायला निघा. नसेल तर गप्पीची चार जोडपी आणा. तीही घराला तेवढाच आनंद देतात.