भागधारकाची भरपाई आणि प्राप्तिकराची वही

घनसावंगी हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. गोदावरीच्या खोऱ्यांतील या भागांत मोबदला हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. कालव्यासाठीं जमीन गेली कीं मोबदला मिळतो, निकाल लांबला तर त्यावर व्याज मिळतें, आणि या दोन रकमांकडे प्राप्तिकर खातें दोन निराळ्या दृष्टींनीं पाहतें, हें शेतकऱ्यास अनुभवानें ठाऊक असतें. कंपनीच्या भागांविषयीं मात्र असा अनुभव फारसा कोणापाशीं नसतो. समजा, तेथील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या बँकेच्या पुस्तकांत १,८०० रुपये जमा दिसतात. त्यानें पूर्वीं तोट्यांत विकलेल्या भागांवरून कंपनीविरुद्ध सामुदायिक दावा झाला होता. तो तडजोडीनें मिटला आणि हा त्यांतील त्याचा वांटा. रक्कम लहान, पण ती कोणत्या सदरांत लिहावयाची? लाभांश म्हणावा, तर ही नफ्याची वांटणी नव्हे. विक्रीची किंमत म्हणावी, तर विक्री केव्हांच होऊन गेली.

या प्रश्नाचा उलगडा हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या प्रकरणावरून बराच होतो. ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनीं हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एका दिवसांत भागाचा भाव सुमारें १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. न्यू यॉर्कच्या बाजारांत सत्यमचे रोखे घेणाऱ्यांनीं अमेरिकेंत दावा लावला. २०११ मध्यें कंपनीनें १२.५ कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. मुंबईच्या बाजारांत भाग घेणाऱ्या लहान माणसास असा सामुदायिक दावा लावण्याची सोय तेव्हां आपल्या कंपनी कायद्यांत नव्हती. ती २०१३ च्या कायद्याच्या २४५ व्या कलमानें आली, आणि तें कलम अमलांत येण्यास २०१६ चा जून उजाडला. सत्यमचा भागधारक तोंवर हात चोळीत बसला होता.

ॲबरडीन या परदेशी गुंतवणूकदार संस्थेनें निराळा दावा लावून भरपाई मिळविली. तिच्यावर भारतांत कर बसतो काय, हा प्रश्न आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणापुढें आला. २०१६ मध्यें उत्तर मिळालें तें असें : येथें भागांचें हस्तांतर झालेलें नाहीं, सोडून दिला तो केवळ दावा लावण्याचा हक्क. त्याचें मूल्य मोजण्यास खरेदीची किंमतहि नाहीं. म्हणून ही रक्कम भांडवली जमा आहे, करपात्र उत्पन्न नव्हे. हा निर्णय कायद्यानें त्या पक्षांपुरताच बंधनकारक असल्यामुळें इतरांस त्याचा आधार घेतां येतो, हमी मिळत नाहीं.

शिक्षकानें मग काय करावें? प्रथम तडजोडीचें पत्र नीट वाचावें. त्यांत व्याज निराळें दाखविलें असेल, तर तें निराळेंच लिहावें. भरपाईवरील व्याज तें मिळालें त्या वर्षाचें उत्पन्न होतें व त्यांतून निम्म्याची वजावट मिळते. मोबदल्याच्या व्याजाचा शेतकऱ्यास ठाऊक असलेला नियम तो हाच. भागांची उलाढाल हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्या बाबतींत भरपाई धंद्याचीच जमा ठरण्याचा संभव मोठा; शिक्षकाची गोष्ट तशी नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भाग विकतांना झालेला तोटा त्यानें पूर्वींच्या विवरणपत्रांत दाखविला असेल, आणि भांडवली तोटा पुढील ८ वर्षें ओढतां येतो. आतां १,८०० रुपये आले म्हणून तो जुना आंकडा खोडूं नये. जुन्या खरेदीच्या नोंदीशेजारीं रक्कम, तारीख व दाव्याचें नांव लिहावें, आणि ती उत्पन्नांत कां धरली नाहीं तें एका ओळींत नमूद करावें. रक्कम मोठी असेल, तर सनदी लेखापालाचें लेखी मत त्याच पाकिटांत ठेवावें.

शेवटीं खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाशीं ताळा पाहावा. देणाऱ्यानें ही रक्कम व्याज म्हणून कळविली असेल, तर विवरणपत्र भरण्यापूर्वींच त्यावर हरकत नोंदवावी. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या कायद्यास दिलेली असल्यानें जुन्या टिपणांतील कलमांचे क्रमांक मात्र पुन्हां पडताळून घ्यावे लागतील.